तीनशे दोनची केबल

१

स्वप्नील राणेने पिशवी माझ्या नाकासमोर धरली. बिस्किटांच्या पुड्याची रिकामी पिशवी, तोंडाला रबर बँड, आत वीतभर जळकी तार.

"हे काय आहे, सांगा."

"तार."

"ते मलाही दिसतंय, काका. कसली तार?"

मी ती बाहेर काढली. काळं आवरण वितळून गोळा झालं होतं. आतली तार राखाडी आणि ठिसूळ. नखाने खरवडली तर पांढरी चमक आली.

"ॲल्युमिनियम."

"बस. विषय संपला." स्वप्नीलने रबर बँड पुन्हा लावला.

विषय संपला असता तर मला रविवारी सकाळी राई गावातून रिक्षा करून भाईंदरच्या गोडदेवला यावं लागलं नसतं. पद्मछाया सोसायटी, चार मजले, सोळा घरं. स्वप्नील तिथला सेक्रेटरी. बुधवारी दुपारी मीटर रूममधून धूर आला आणि तीनशे दोनची केबल जळाली. त्या घरात सत्तरीच्या सावित्री पेडणेकर एकट्या राहतात. वीज कंपनीचा माणूस येऊन त्यांचं मीटर बंद करून गेला, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बाई चार दिवस वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या होत्या.

जुलैमध्ये बाईंनी एसी घेतला तेव्हा मीटरपासून घरापर्यंतची जुनी केबल काढून नवी, तांब्याची टाकायचं काम मंदाने केलं होतं. मंदा पाटील, आमच्या राईचीच. वायरमनच्या परवान्यावर नाव येऊन तिला दोन वर्षं झालीत. आता सगळी बिल्डिंग म्हणत होती की तिने तांबं सांगून ॲल्युमिनियम टाकलं.

"तक्रार लिहून ठेवलीय," स्वप्नील म्हणाला. "सहा वाजता गच्चीवर मीटिंग. सगळ्यांच्या सह्या होतील, उद्या सकाळी परवाना देणाऱ्या ऑफिसात जाईल. तुम्हाला बोलावलं ते नंतर कोणी म्हणू नये म्हणून, की तपासलं नाही."

मी अमृत भोईर. चाळीस वर्षं वायरमन होतो. आता शिडी झेपत नाही, आणि डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, म्हणून फक्त घरं तपासतो. जुना फ्लॅट घेणारे लोक मला बोलावतात आणि विचारतात, काका, या घरात दोन एसी चालतील का? ही पद्मछाया तर मीच वायर केली होती, एकोणनव्वद साली, ॲल्युमिनियममध्ये. बिल्डरने तेच आणून दिलं होतं.

"पण मंदा तुमचीच शिष्या," स्वप्नील म्हणाला. "तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार."

"मग बोलावलंत कशाला?"

"सावित्रीआजी ऐकेनात."

मंदा भिंतीला टेकून उभी होती. खिशात टेस्टर, डोळे सुजलेले. ती पहिल्यांदाच बोलली.

"मामा, मी तांब्याचीच टाकली."

आणि माझ्या नखात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होती.

२

मीटर रूमचं कुलूप विठूने काढलं. विठू सोसायटीचा वॉचमन, पंपही तोच चालवतो. तोही राईचा. एकोणनव्वद साली ही बिल्डिंग वायर करताना माझ्या हाताखाली होता. पुढे लाइन सोडली त्याने.

दार अर्धंच उघडलं. मागे दोन सायकली, गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि एका वॉशिंग मशीनचा सांगाडा होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मीटर रूम," स्वप्नील म्हणाला.

"ही मीटर रूम? इथे ठिणगी पडली तर आधी हे मखर पेटेल, मग तुम्ही!"

"तीन सर्क्युलर काढले, काका. कोणी उचलतच नाही."

"सायकल कोणाची?"

स्वप्नीलने एक सायकल पायाने भिंतीकडे सरकवली. सायकल त्याचीच होती.

विठूने स्वतःची खुर्ची आत आणून मला दिली. प्लास्टिकच्या पट्ट्यांची खुर्ची, बैठक फाटलेली, ती निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट शिवलेली. मी बसलो आणि त्याला विचारलं, "धूर पहिला कोणी पाहिला?"

"मीच, दादा. दोन वाजलं व्हतं. पंप बंद करायला आयलो त धूर. सकाळी हात लावला तवा गार व्हती केबल. तेवढ्या येलात काय झाला, देव जाने."

तेव्हा माझं लक्ष जळक्या बोर्डाकडे होतं. त्याचं बोलणं कानावरून गेलं.

घर तपासायची माझी रीत साधी आहे. घराला वीज किती झेपेल हे चार ठिकाणी बघायचं: बिलावरचा मंजूर भार, मीटरवरचा आकडा, मीटरजवळचा फ्यूज किंवा एमसीबी, आणि तिथून घरात जाणारी केबल. या चारांत जे सगळ्यात दुबळं, तेवढीच त्या घराची ताकद. टाकी केवढीही असू दे, नळ बारीक असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागतो. भाईंदरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तीनशे दोनचा मंजूर भार मंदाने अर्ज करून पाच किलोवॅट करून घेतला होता. मीटर ठीक. जुना फ्यूज काढून तिने बत्तीस अँपिअरचा एमसीबी बसवला होता, तोही ठीक, कारण सहा एमएमची तांब्याची केबल बत्तीस आरामात पेलते. पण त्या एमसीबीच्या पुढे ॲल्युमिनियमची पस्तीस वर्षांची चार एमएमची केबल असेल, तर मग झालंच. एमसीबी बत्तीसची वाट बघत बसणार आणि केबल विसालाच शिजणार. त्यात आमची खाडीची हवा. ॲल्युमिनियमच्या टोकावर पांढरा थर चढतो, पकड सुटते, आणि तिथेच आग लागते. इथेही तेच झालं होतं.

"म्हणजे मंदाने बत्तीसचा एमसीबी लावला आणि पुढे मुद्दाम कुजकी केबल ठेवली?" मी म्हणालो. "ज्याला एमसीबी कळतो त्याला हेही कळतं."

"काका, कळतं म्हणून माणूस करत नाही असं थोडंच आहे?" स्वप्नील म्हणाला.

मी जिना चढायला घेतला.

३

तिसऱ्या मजल्यावर सावित्रीबाई दारातच बसल्या होत्या. पायाशी माठ, हातात वर्तमानपत्र.

"आलात, भोईर? बघा, या वयात माझ्यावर खटला चाललाय."

"तुमच्यावर नाही, आजी," स्वप्नील म्हणाला.

"मग चार दिवस अंधारात मी कशाला बसलेय? हौस म्हणून?"

मी विचारलं, "बुधवारी दुपारी काय काय चालू होतं?"

"एसी चालू होता. गीझर बंद करायचा राहिला. आणि मी इस्त्री करत होते. गुन्हा आहे का?"

मी मनात बेरीज केली. सगळं मिळून वीस अँपिअरच्या आसपास. तांब्याला हे काहीच नाही.

"मंदाने काम केलं तेव्हा तुम्ही बघितलं होतं?"

"खुर्ची टाकून बसले होते. देवाच्या ताम्हनासारखी लाल तार होती."

"आजी," स्वप्नीलने लगेच तोंड घातलं, "तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. जुलैत तुम्ही मला जिन्यात 'कोण, दूधवाला का?' म्हणून विचारलं होतं."

"तू दिसतोसच तसा!" बाई कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ऑपरेशन नाशिकला झालं, मुलीकडे. दिवाळीपर्यंत राहा म्हणत होती. पण जावयाच्या घरी किती दिवस राहायचं, हो? महिनाभर आधीच निघून आले. आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे."

तेवढ्यात समोरच्या तीनशे एकचं दार उघडलं. जितेश, हाफ पँट, हातात रिमोट. आतून एसीची थंड हवा पायावर आली.

"काका, नमस्ते. मेन बंद नका करू हां, मॅच चालू आहे."

"तुमच्याकडे एसी किती?"

"दोन. गीझर, ओव्हन वेगळे. का?"

"मंजूर भार?"

"वो क्या होता है?"

त्याने बिल आणून दिलं. मंजूर भार एक किलोवॅट. एकोणनव्वद साली होता तेवढाच. मी कपाळाला हात लावला.

"फ्यूज उडत नाही तुमचा?"

"पहिले रोज उडायचा, काका! विठूला सांगून सांगून वैतागलो होतो. नवीन केबलसाठी कमिटीकडे अर्ज केला, तर म्हणाले, डक्टमध्ये जागा नाही, पूर्ण बिल्डिंगचं ऑडिट होऊ दे."

"ऑडिट कधी आहे?"

"तीन वर्षं झाली, चालू आहे," जितेश म्हणाला. स्वप्नील छताकडे बघू लागला. "पण आता एकदम मस्त. ऑगस्टपासून एकदा पण नाही उडाला."

पॅसेजमध्ये एक लोखंडी पेटी आहे. खालून आलेल्या दोन्ही घरांच्या केबल तिथे येतात आणि तिथून घरांत जातात. मंदाने झाकणाचे स्क्रू काढले. तीनशे दोनला जोडलेल्या केबलचं वरचं टोक जळालं नव्हतं. धुळीने माखलं होतं. गोडदेवची धूळ महिन्याभरात नव्या केबललाही जुनी करते, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही. मी टोक खरवडलं. पांढरं. खालपासून वरपर्यंत ॲल्युमिनियमच.

आणि टोकापासून चार बोटांवर दोरा बांधलेला होता.

एकोणनव्वद साली मला अक्षर येत नव्हतं. आकडाही नाही. राईच्या मिठागरावर टोपल्या मोजायला आमची माणसं दोरीला गाठी मारायची, तीच रीत मी वायरिंगला लावली. आधी मजल्याच्या गाठी, मग बोटभर जागा, मग घराच्या गाठी. बिल्डिंगमधल्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना असा दोरा असायचा.

मी दोऱ्यावरून बोट फिरवलं. तीन गाठी. जागा. दोन गाठी.

तीनशे दोन. म्हणजे ही तीनशे दोनची जुनीच केबल होती, आणि मंदाने ती बदललीच नव्हती.

हे त्या पॅसेजमध्ये फक्त मला वाचता येत होतं.

४

मी मंदाला जिन्यात ओढत नेलं.

"खरं बोल."

"मामा..."

"मामा-बिमा नको! वर माझी गाठ हाय. तीन आणि दोन. जुनी केबल हाय ती. माझ्या हातानं बांधलेली. आता मी गच्चीवर जाऊन काय सांगू?"

तिच्या डोळ्यांत पाणी नाही आलं, राग आला. मला तो बरा वाटला.

"जुनी केबल मी स्वतः ओढून काढली. दोन तास लागले. हाताची सालं निघाली. नव्या केबलला दोन्हीकडे पांढरी पट्टी लावली आणि पेनाने ३०२ लिहिलं. ती पट्टी कुठाय? आणि गाठी मला येतात तरी का? मी विचारलं होतं तुम्हाला, तर म्हणालात, आता अक्षर हाय, गाठी कशाला शिकतेस?"

म्हणालो होतो. त्रेचाळिसाव्या वर्षी, राईच्या शाळेत प्रौढांच्या वर्गात बसून मी अक्षर शिकलो. त्यानंतर जे माझ्या हाताखाली आले त्यांना मी पट्टी आणि पेन दिलं. गाठी कोणालाच शिकवल्या नाहीत. एका अडाणी माणसाची ती सोय होती, तिची मला लाज वाटायची.

मी परत वर गेलो. चष्मा पुसला. स्वप्नील म्हणाला, "काका, साडेतीन वाजले." मी त्याला म्हणालो, "घड्याळ तुमच्याकडे आहे, केबल माझ्याकडे आहे. गप्प राहा."

एकोणनव्वद साली मी दोरा वापरायचो तो मिठाच्या गोण्या शिवायचा. सुतळीचा, तपकिरी. हा दोरा निळा होता. नायलॉनचा. केबल पस्तीस वर्षांची आणि दोऱ्याचा रंग अजून उडालाही नव्हता. आणि त्याच्या जरासं वर, आवरणात एक बारीक दबलेला वळ होता. तिथे पूर्वी दुसरा दोरा बांधलेला होता. कोणीतरी तो काढून हा बांधला होता.

मग मी शेजारची केबल पाहिली. तीनशे एकची, जितेशची. तिलाही निळा दोरा. तीन गाठी, जागा, एक गाठ. पण तिच्यावर दोऱ्याचा जुना वळ नव्हता. तिथे चिकट डाग होता, पट्टी ओढून काढल्यासारखा.

मंदाने तो डाग पाहिला. मी तिच्या दंडावर हात ठेवला. "बोलू नकोस. खाली चल."

निळा दोरा मी सकाळी पाहिला होता. त्यावर बसलो होतो.

५

मीटर रूममध्ये मी तीनशे एकचा फ्यूज ओढून काढला. चिनी मातीचा जुना फ्यूज. वर जितेशच्या घरातून आरोळी आली. मॅच गेली होती.

फ्यूजमध्ये बारीक तार असायला हवी. तिथे जाड तार होती, तीही दुहेरी. म्हणूनच ऑगस्टपासून उडत नव्हता.

"आता नीट ऐका," मी स्वप्नीलला म्हणालो. "तुम्ही सगळे विचारताय की तीनशे दोनची केबल का जळाली. मी वेगळं विचारतो. तीनशे एकची का नाही जळाली? एक किलोवॅटचा भार, त्यावर दोन एसी, गीझर, ओव्हन. फ्यूज असून नसल्यासारखा. केबल तुमच्या हिशेबाने एकोणनव्वदची ॲल्युमिनियमची. ही केबल ऑगस्टमध्येच वितळायला हवी होती. हात लावा."

"करंट बसेल."

"फ्यूज माझ्या हातात आहे, साहेब. लावा."

त्याने एक बोट लावलं. "गार आहे."

"सकाळपासून दोन एसी चालू आहेत आणि केबल गार. मंदा, सोल."

मंदाने टोक मोकळं केलं आणि चाकूने आवरण सोललं. आतून लाल तार चमकली. ताम्हनासारखी.

स्वप्नीलने पिशवीकडे पाहिलं, मग तारेकडे.

"मंदाने तांबंच टाकलं होतं," मी म्हणालो. "कोणीतरी केबलींची अदलाबदल केली. वर पेटीत आणि खाली मीटरवर, दोन्ही टोकांना, बिलात काही फरक पडू नये म्हणून. मंदाची केबल जितेशला गेली आणि जितेशची कुजकी केबल सावित्रीबाईंना. एमसीबी मात्र जागेवरच राहिला. तांब्यासाठी लावलेला एमसीबी ॲल्युमिनियमची राखण करत बसला."

"म्हणजे जितेश!" स्वप्नील ओरडला.

जितेश तोपर्यंत खाली आला होता. "मैने क्या किया? काका, मी आयुष्यात स्क्रूड्रायव्हर हातात धरला नाही. बायकोला विचारा. बल्ब पण तीच लावते."

"तुमच्यासाठी झालं ना?"

"झालं असेल! मी फक्त बोललो होतो की परत फ्यूज उडायला नको. कसं करायचं ते मी कशाला विचारू?"

"विचारायला पाहिजे होतं," मंदा म्हणाली.

मी म्हणालो, "जितेशने केलं असतं, किंवा त्याने बाहेरचा माणूस आणला असता, तर केबल बदलून तो निघून गेला असता. चोराला खुणा बदलायची काय गरज? पण इथे ज्याने केबल बदलली, त्याने टोकांना नवा दोरा घेऊन गाठी मारल्या. आता जी केबल तीनशे दोनला जाते तिला तीन-दोन. जी तीनशे एकला जाते तिला तीन-एक. एकही गाठ खोटी नाही. चोरून केलेल्या कामावर खरी खूण लावून गेला तो."

"असं कोण करतं?" स्वप्नीलने विचारलं.

मी डावा हात वर केला. "ही दोन बोटं बघा. या बिल्डिंगचं काम चालू असताना मी वर केबल धरून होतो. खाली माझ्या हाताखालच्या पोराने खुणेची गाठ न बघता फ्यूज घातला. मी चिकटलो. वाचलो, पण बोटं वाकडी राहिली. त्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगितली होती. तार कुठलीही बदल, खूण खोटी ठेवू नकोस, वरचा माणूस खुणेवर जीव टाकतो. या गाठी मी जगात एकाच माणसाला शिकवल्या."

दारात उजेड अडला होता. मी मागे वळलो नाही. केबलला सकाळी हात लावून बघणारा वॉचमन मी दुसऱ्या कुठल्या सोसायटीत पाहिला नव्हता.

"विठू," मी म्हणालो, "खुर्ची छान शिवलीस."

६

विठू सायकलींच्या मधे खाली बसला.

"दादा, मी चोरी न्हाय केली."

"मग काय केलंस?"

"दिवसातून चार-चार येला फ्यूज उडायचा. तीन मजलं चढ-उतर. शेवटी फ्यूजला जाड तार घातली. त केबल तापायला लागली, वास यायला लागला. घरात लहान प्वार हाय त्यांच्या. मना भ्या वाटली. बाजूला बाईंची नवी केबल तशीच पडलेली. बाई नाशकाला. इचार केला, दिवालीला बाई यायच्या आधी परत बदलीन."

"आणि बाई आधीच आल्या."

"एका सकाळी आयल्या, दुपारी एसी लावला. मी दोन येला पेटी खोलायला गेलो, त दारात बसलेल्या. 'काय रं विठू, काय पायजे?' बोलल्या. काय सांगू? मंग रोज सकाळी हात लावून बघायचो, तापली का."

मला राग आवरेना. "केबल बदललीस ते मी समजू शकतो, विठू. जितेशला नाही म्हणता आलं नाही, तेही समजू शकतो. पण चार दिवस या पोरीला लोक चोर म्हणतायत आणि तू दारावर बसून ऐकतोयस?"

विठूने स्वप्नीलकडे बघितलं. "बुधवारी सांजच्याला सांगायला गेलतो. साहेबांना बोललो, साहेब, त्या केबलीचं मना सांगायचं हाय. साहेब बोललं, तू गप बस, तुला काय कळतं त्यातलं."

सगळ्यांनी स्वप्नीलकडे पाहिलं. स्वप्नीलने बिस्किटाच्या पिशवीकडे पाहिलं.

"मंग परत न्हाय धजलो," विठू म्हणाला. तो मंदाकडे वळला, तोंड उघडलं आणि हात जोडले. मंदा पाठ फिरवून केबलच्या टोकाकडे वळली. उत्तर द्यायला पाहिजे असं मलाही वाटलं नाही.

सहा वाजता गच्चीवर मीटिंग झाली. नऊ माणसं आली, त्यातली दोन पापड गोळा करायला आलेली. मी सांगितलं, मग विठूने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं. स्वप्नीलने तक्रारीचा कागद काढला, घसा साफ केला.

"ठीक आहे. मंदाचं नाव यात राहणार नाही. आपण इथे फक्त नाव बदलू. वॉचमनला आजपासून..."

"दे इकडे," सावित्रीबाई म्हणाल्या.

"काय?"

"कागद दे. केबल माझी जळली, अंधारात मी बसले. तक्रार माझी आहे ना? मग मी ठरवणार." त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि त्यानेच वारा घ्यायला लागल्या. "फ्यूज उडाला की विठू. पाणी गेलं की विठू. लिफ्टच्या नावाने अजून खड्डाच आहे, तेव्हा सिलेंडर वर न्यायला विठू. आणि त्याला नाही कसं म्हणायचं ते कोणी शिकवलं का? याला काढलात तर उद्यापासून पंप कोण चालवणार? तू?"

स्वप्नील म्हणाला की त्याला सकाळी सात चौदाची गाडी असते.

"मग. विठूने मंदाच्या हाताखाली उभं राहून माझी केबल मला परत लावायची. जितेशने भार वाढवायचा अर्ज करायचा, आणि केबल येईपर्यंत एकच एसी."

"आंटी, ऑक्टोबर आहे," जितेश म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मान हलवली. मग पुढची पंधरा मिनिटं मीटर रूममधल्या सायकलींवर चर्चा झाली आणि निर्णय पुढच्या मीटिंगवर ढकलला. मी उठलो.

सोमवारी सकाळी काम झालं. वीज कंपनीचा माणूस मीटर चालू करून गेला, वर बाईंचा पंखा फिरला आणि बाईंनी तिथूनच "आली!" म्हणून हाक दिली. जितेशची जुनी केबल जळका भाग कापून आणि सोळाचा एमसीबी लावून तात्पुरती पुन्हा त्याच्याकडे गेली. विठूने सांगेल तेवढंच धरलं, सांगेल तेवढंच सोडलं. मंदा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

शेवटी तिने तांब्याच्या केबलला नवी पांढरी पट्टी लावली आणि पेनाने ३०२ लिहिलं. मला वाटलं झालं. मी चपला घातल्या.

"मामा, थांबा." तिने खिशातून निळ्या दोऱ्याचा तुकडा काढला. खुर्चीचा उरलेला. "आधी मजल्याच्या ना?"

"आता कशाला? लिहिलंस की."

"ते मला आणि तुम्हाला," ती म्हणाली. मान न वळवता तिने विठूकडे हनुवटी केली. "मी वर असेन तेव्हा खाली फ्यूज कोण काढणार आहे? त्यांना कुठे वाचता येतं?"

विठू पुढे झाला. दोऱ्याचं टोक त्याने धरलं, आणि तिने तीन गाठी मारल्या, बोटभर जागा सोडली, मग दोन.

दुसरी गाठ ढिली होती. मी सोडून परत मारायला लावली.